हालिनाबाईंचं मानपत्र

मेट्रोचं सिमेई स्टेशन गेलं होतं, तनाह मेरा यायचं होतं, आणि मधल्या दोन मिनिटांत मला कळलं की माझ्या गुडघ्यांना टेकवून उभं केलेलं मानपत्र खोटं आहे. सगळं नाही, फक्त आठवी ओळ. पण मानपत्राचं असं असतं की एक ओळ खोटी निघाली की बाकीच्या ओळी लगेच तिच्या मैत्रिणी वाटायला लागतात. झालं एवढंच होतं, की आमच्या मराठी मंडळाच्या मधुमतीकाकूंनी टॅम्पिनीसच्या त्यांच्या घरून फ्रेम माझ्या हातात देताना सांगितलं होतं, वाचून झाल्यावर दोन शब्द स्वतःचे बोल, त्यात एखादा आकडा घाल, लोकांना आकडे आवडतात. म्हणून मी आकडा शोधत होते. कोचच्या, म्हणजे हालिनाबाईंच्या, संघाने ती पदकाची रिले किती सेकंदांत धावली होती तो आकडा. बेचाळीस पॉइंट काहीतरी, आणि ते 'काहीतरी' मला हवं होतं. फोनवर जुन्या निकालांचं पान उघडलं. एकवीस वर्षांपूर्वीची युरोपातली स्पर्धा, बायकांची चार गुणिले शंभर, आणि पहिल्या तिघांत कोचचं युक्रेन नव्हतं. चौथ्यात नव्हतं, आठव्यातही नव्हतं. सगळ्यांत खाली, जिथे क्रमांकाच्या जागी नुसती आडवी रेघ असते, तिथे चार नावं होती, त्यांतलं तिसरं कोचचं, आणि वेळेच्या रकान्यात डीक्यू. धावणाऱ्या मुलीला ही दोन अक्षरं समजावून सांगावी लागत नाहीत. बाद. त्याखाली बारीक अक्षरांत कारण होतं, की जपून ठेवलेला नमुना आठ वर्षांनी पुन्हा तपासला, संघातल्या एका धावपटूने बंदी असलेलं औषध घेतल्याचं निघालं, चौघींची पदकं परत घेतली. मी ते पान बंद केलं आणि पुन्हा उघडलं, जसं काही मधल्या वेळात कोणीतरी ते नीट करून ठेवणार होतं. बेडोक आलं. शेजारच्या बाईच्या पिशवीतली ओली कोथिंबीर माझ्या पोटरीला लागत होती, गार, गुदगुल्या होतील अशी, आणि मी पाय हलवला नाही.

हे मानपत्र मी लिहिलंय. हे सांगताना मला आत्तासुद्धा जरा ताठ व्हायला होतं, खोटं कशाला बोलू. आमच्या मंडळात दर वर्षी वर्धापनदिनाला एका बाहेरच्या माणसाचा सत्कार करतात, म्हणजे जो मराठी नाही पण ज्याने आपल्या पोरांसाठी काहीतरी केलंय अशाचा. शाल, श्रीफळ, मानपत्र. मागच्या वर्षी लायब्ररीतल्या मिसेस टॅन होत्या. नारळाचं काय करायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नाही म्हणून त्यांनी तो कार्यक्रमभर बाळासारखा छातीशी धरून ठेवला. यंदा हालिनाबाई. मंडळातल्या सहा मुली चोआ चू कांगच्या ट्रॅकवर त्यांच्याकडे शिकतात, आणि त्यांतली मी सगळ्यांत जास्त बडबडते, म्हणून काकू म्हणाल्या, जाईलाच लिहू दे. पंधरा वर्षांच्या मुलीने मानपत्र लिहिण्याची ही मंडळातली पहिलीच वेळ. काकूंच्या रविवारच्या मराठीच्या वर्गात मी जे काही शिकले ते सगळं त्यात ओतलं. मग काकूंनी ते वाचलं, 'छान आहे, पण कोरडं आहे' म्हणाल्या, आणि त्यात 'क्रीडाक्षितिजावरील तेजस्वी तारका' घातली, 'करकमलांत अर्पण करताना' घातलं. आठवी ओळ मात्र शब्दन् शब्द माझी: 'युरोपच्या मैदानावर चार गुणिले शंभर मीटर रिलेत कांस्यपदक पटकावून आपण मातृभूमीची मान उंचावलीत.' काकू त्या ओळीवर इतक्या खूश झाल्या, की त्यांनी तीच उचलून कार्यक्रमाच्या निरोपात घातली, दोनशे माणसांना पाठवली, आणि स्टेजमागच्या बॅनरवर छापली. युरोपियन पदकविजेत्या हालिनाबाई. आणि हे सगळं मराठीत. ज्या बाईबद्दल आहे तिला यातलं एक अक्षर वाचता येत नाही, आणि ही गोष्ट आम्हां दोनशे जणांत कोणालाच विचित्र वाटली नव्हती. मलासुद्धा नाही. केंबांगनपर्यंत नाही.

केंबांगनला मात्र माझ्या पोटात एक घाणेरडा प्रश्न आला. एका धावपटूने म्हणजे कोणी? मी बोटाने पान वर सरकवायला लागले आणि सरकवताना मला मनापासून वाटत होतं की गाडी बोगद्यात जावी, सिग्नल जावा, काहीतरी व्हावं. पण युनोस, पाया लेबार, सगळं उन्हात, पुलावरून, आणि सिग्नलच्या चारही काड्या भरलेल्या. चौथं नाव. शेवटचा टप्पा धावलेली. लेस्या. मी इतका मोठा श्वास सोडला की कोथिंबीरवाल्या बाईने माझ्याकडे बघितलं. आणि लगेच, त्याच श्वासाच्या शेपटाला, मला वाईट वाटलं, कारण लेस्याला मी ओळखते. शुक्रवारी सराव संपला की कोचच्या फोनवर जी बाई दिसते, मोठे दात, मोठं हसू, मागे स्वयंपाकघराची पिवळी भिंत, आणि जी मला बघितल्याबरोबर तीन बोटं वर करून काहीतरी ओरडते, ती लेस्या. तिला इंग्रजी येत नाही. तीन बोटं म्हणजे तिसरी. मी पण माझ्या शाळेच्या रिलेत तिसरा टप्पा धावते म्हणून.

घरी मी 'कोच आली, कोच म्हणाली' असं म्हणते आणि आई दर वेळी 'आल्या, म्हणाल्या' अशी दुरुस्ती करते. आईच्या तोंडी त्या हालिनाबाई, बाबांच्या तोंडी मॅडम, मानपत्रात त्या 'आपण'. पण माझ्या डोक्यात ती फक्त ती आहे, आणि तिथे कोणाला दुरुस्ती करता येत नाही. दीड वर्षापूर्वी मी तिच्याकडे गेले तेव्हा मला दमा होता, दातांना तारा होत्या आणि आवाज नव्हता. म्हणजे होता, पण तो घशाच्या खाली कुठेतरी राहायचा. वर्गात सरांनी काही विचारलं तर पुढच्या बाकापर्यंत पोचायचा नाही. पुण्याहून आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि इथल्या मुलांनी माझं एक वाक्य कधीतरी हसून परत म्हणून दाखवलं होतं, एवढंच. तेवढ्यावर साडेचार वर्षं काढली. कोचने मला धावताना बघितलं, थांबवलं, आणि सांगितलं की पाय ठीक आहेत, तोंड कुठाय? रिलेत म्हणे तिसरीचं काम पळणं अर्धं आणि ओरडणं अर्धं. पुढे उभी असलेली चौथी मागे वळून बघत नाही. ती पळायला लागते, आणि तिसरी ओरडली की नुसता हात मागे करते. आवाज पोचला नाही तर हात येत नाही. मग तिने मला मैदानाच्या एका टोकाला उभं केलं, स्वतः दुसऱ्या टोकाला गेली, पाठ करून, आणि हात खाली ठेवून उभी राहिली. तो हात वर यायला मला तीन आठवडे लागले. तिसऱ्या आठवड्यात एका शुक्रवारी मी अशी किंचाळले की कुंपणापलीकडे टाय-ची करणाऱ्या आज्या थांबल्या, आणि कोचचा हात सरळ, तळवा वर, मागे आला. ती वळलीच नाही. पाठमोरीच म्हणाली, आता दमा कुठे गेला? दमा गेला नव्हता, अजून आहे. पण शाळेत मी आता हात वर करते, आणि ह्वी लिंग, जी माझी चौथी आहे, इथल्या पद्धतीने शेवटी लाह लावून म्हणते की तुला गप्प करायला कुठलं बटन आहे ते सांग ना लाह.

कल्लांगच्या आधी स्टेडियमचा पांढरा घुमट दिसतो. तिथून जाताना मी नेहमी खिडकीशी जाते. आज फ्रेममुळे उठता आलं नाही, नुसती मान वळवली, आणि मला तिच्या फ्रीजची आठवण झाली. पांढरा म्हणून असेल. गेल्या डिसेंबरात तिच्या घरी गेलो होतो, मी आणि ह्वी लिंग. चोआ चू कांगला अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, दाराबाहेर तिच्या नवऱ्याचे तेलकट बूट, कारण तो जहाजं दुरुस्त करतो आणि बूट घरात आणायची त्याला बंदी आहे. ती काहीतरी काळपट दाणे शिजवत होती, ओल्या मातीसारखा वास सुटला होता. फ्रीजवर एक फोटो होता. चार मुली, निळे-पिवळे कपडे, चौघींचे केस वाऱ्याने एकाच बाजूला, आणि फोटोच्या बरोब्बर मध्यावर, छात्यांवर, मरलायनचं, म्हणजे सिंहाचं तोंड आणि माशाचं अंग असलेल्या पुतळ्याचं, एक जाडजूड मॅग्नेट, पर्यटकांना विकतात तसलं. मला वाटलं चुकून लागलंय. मी ते सरकवलं. खाली पदकं होती. मी ओरडले, आता मला ओरडता येत होतं ना, आणि कोचने चमच्याने पातेलं ढवळता ढवळता मागे बघितलं आणि म्हणाली, हो, पदक. मग म्हणाली, तो दिवस चांगला होता. मग म्हणाली, मीठ दे. मी मीठ दिलं. ह्वी लिंगने विचारलं की पदक दाखव ना, तर कोच म्हणाली, इथे नाही. मला वाटलं बँकेत असेल. आमच्याकडे मौल्यवान वस्तू बँकेत असतात. मी पुढे एक शब्द विचारला नाही. दीड वर्ष जिच्यामागे अखंड बडबड केली, तिला नेमका तो एक प्रश्न विचारला नाही, आणि घरी येऊन पदक आईला सांगितलं, आईने काकूंना, काकूंनी दोनशे जणांना. त्या दिवशी परत निघताना मी फ्रीजकडे पाहिलं होतं. मॅग्नेट पुन्हा मधोमध होतं. म्हणजे मी बघितलं होतं. बघूनही मला काही दिसलं नव्हतं. लॅव्हेंडरला गाडी जमिनीखाली गेली, काचेत माझा चेहरा आणि त्याखाली बबल रॅपमध्ये गुंडाळलेल्या फ्रेमचा मोठा फुगा दिसायला लागला, आणि मला स्वतःचा इतका राग आला की मी बोटाने एक फुगा फोडला. टच्च आवाज झाला. मग अजून एक.

काय करता येईल? मी आईला मेसेज लिहिला, 'पदक परत घेतलंय, आत्ता बघितलं', आणि पाठवायच्या आधी आईचं उत्तर मला आपोआप ऐकू आलं, की आता कोणाला काही बोलू नकोस, कार्यक्रम पार पडू दे, मग बघू. मी तो पुसला. बाबांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, ओळ गाळून वाच, कोण ताळा करायला येतंय. आणि खरंच कोण आलं असतं? मानपत्र मी वाचणार, इंग्रजीत मीच सांगणार. मी काहीही सांगितलं तरी कोच मान हलवणार होती. एवढी ताकद एका माणसावर असणं मला अजिबात आवडलं नाही. रॅफल्स प्लेसला माणसं चढली, उतरली, आणि माझ्या डोक्यात तिचं ते गाव सुरू झालं. निप्रो नदीच्या काठी, जिथे ती त्या स्पर्धेनंतर आगगाडीने पोचली तेव्हा फलाटावर शाळेतली मुलं उभी होती, आणि भरतकाम केलेल्या लांब टॉवेलवर ठेवून तिला एक मोठा गोल पाव दिला होता, वर मिठाची वाटी. त्यांच्याकडचं शाल-श्रीफळच ते. तुकडा मोडायचा, मिठात बुडवायचा, खायचा. हे तिने मला वॉर्म-अप करताना सांगितलं होतं, स्वतःहून, एकदाच, पाय ताणताना, पायाकडे बघत. शाळेच्या दारात संगमरवरी फळीवर तिचं नाव सोनेरी रंगाने लिहिलं होतं म्हणे. आता आहे का, मी विचारलं होतं. तर म्हणाली, आईला विचारलं नाही, आणि दुसरा पाय ताणायला घेतला. म्हणजे तिला एकदा सगळं मिळालं होतं. मग ते काढून घेतलं. आणि आज आम्ही तेच तिला पुन्हा देणार होतो, तिला न कळणाऱ्या भाषेत, आणि कोणीतरी घरी जाऊन माझ्यासारखाच आकडा शोधला असता, की मग आमच्याकडूनही ते परत गेलं असतं. रेडहिलला गाडी पुन्हा उजेडात आली. मी ठरवलं की तिलाच विचारायचं. ठरवल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

बुओना व्हिस्टाला कार्यक्रम एका काँडोच्या, म्हणजे मोठ्या सोसायटीच्या, हॉलमध्ये होता, सहा वाजता. मी पाचला पोचले, आणि कोच माझ्या आधी आलेली होती. स्विमिंग पुलाच्या कडेला एका प्लास्टिकच्या आरामखुर्चीवर ती ताठ बसली होती. निळा ड्रेस, ओठांना लाल लिपस्टिक, उंच टाचांचे बूट काढून शेजारी ठेवलेले, आणि अनवाणी पावलांची बोटं ती एकेक करून वाकवत होती, शर्यतीच्या आधी आम्हांला करायला लावते तशी. मी तिला कधी ड्रेसमध्ये बघितलं नव्हतं. तिने मला बघितलं आणि विचारलं की रंग जास्त झालाय का. म्हणाली, लेस्याला सकाळी चार ड्रेस दाखवले, तिने हा निवडला. मला तेव्हा इतकं कसंतरी झालं. मला वाटलं होतं तिला या सगळ्याचं काही नसेल, शाल-बिल, नारळ, ती आमच्यासाठी येतेय. आणि ती सव्वा तास आधी येऊन लिपस्टिक लावून बसली होती. मला गप्प बसावंसं वाटलं. माझा जुना आवाज, घशाखालचा, एकदम आपल्या जागेवर परत येऊन बसला. तरी मी फ्रेम खाली ठेवली आणि सांगितलं. सगळं, सलग, पान, रेघ, डीक्यू, आठवी ओळ, बॅनर. एका लहान मुलीने पुलात उडी मारली आणि पाण्याचे थेंब बबल रॅपवर आले. कोच ते थेंब बघत राहिली.

'हे तू तुमच्या भाषेत लिहिलंस?'

मी हो म्हटलं.

'वाचणारे सगळे वाचतील. मी सोडून.'

मग तिने सांगितलं, मोजक्या शब्दांत, पुलाकडे बघतच. पत्र इथेच आलं, चोआ चू कांगच्या पत्रपेटीत, तेरा वर्षांपूर्वी. पण त्याआधी दोन दिवस लेस्याचा फोन आला होता, हाल्या, मी तुझ्याशी बोलेपर्यंत पेटी उघडू नकोस. ती बोलली. कोचने ऐकलं आणि फोन ठेवला. पदक जाड पाकिटात घालून पोस्टात नेलं, तिथल्या मुलीने फॉर्म पुढे केला, आत काय आहे ते लिहा, आणि तिने लिहिलं: धातूची वस्तू, वापरलेली. हे सांगताना ती हसली, आणि मला पण हसू आलं, नको असताना. मग दोन वर्षं ती लेस्याशी बोलली नाही. 'दोन वर्षांत पदकाची आठवण एकदा-दोनदा आली,' ती म्हणाली. 'तिची रोज यायची. मग मी फोन केला. बस्स.' तिने बूट पायात चढवायला घेतले. मी विचारलं, ती ओळ गाळून वाचू का. कोणाला कळणार नाही.

'आणि कागद?' तिने विचारलं. 'तो माझ्या भिंतीवर राहणार. मी रोज बघणार, आणि मला कळणारही नाही की खोटी ओळ कुठली.' तिने पट्टा लावला, उभी राहिली, ड्रेसची मागची सुरकुती दोन्ही हातांनी सरळ केली. 'सांग त्यांना. लेस्याचं नाव नको. बाकी सांग.' आणि चालायला लागली. जिन्याशी थांबून तिने मागे न बघता विचारलं की फुलं देतात का, आणि देत असले तर किती, कारण त्यांच्याकडे सम संख्येची फुलं फक्त मेलेल्यांना देतात. मी म्हटलं अकरा आहेत, काकूंना विषमच लागतात. बरं झालं, ती म्हणाली.

काकूंना मी आधी सांगायला हवं होतं. मी गेले होते, खरंच, पण काकू एका हाताने माइक तपासत होत्या आणि दुसऱ्या हाताने वड्यांच्या ट्रेवरचं झाकण, आणि मला बघून म्हणाल्या, 'बाळा, आत्ता काही नवीन सांगू नकोस.' मग दिवा लागला, गणपतीचं झालं, शाल घातली. जांभळी, सोनेरी काठाची, आणि निळ्या ड्रेसवर ती इतकी भयंकर दिसत होती आणि कोचला इतकी आवडली होती, की तिने काठावरून अंगठा फिरवला, दोनदा. नारळ मात्र तिने एका हातात घेतला, बॅटनसारखा, खाली लोंबता, पळायला तयार. पुढच्या रांगेत आई मला खुणेने केस मागे घ्यायला सांगत होती. मी वाचायला लागले. पहिल्या सात ओळी कशा गेल्या आठवत नाही, तेजस्वी तारका गेली एवढं आठवतं. आठवीला मी थांबले. मी म्हटलं, मराठीत, आणि माझा आवाज मला नीट ऐकू येत होता, की पुढची ओळ मी लिहिली आहे आणि ती चुकीची आहे. हालिनाबाईंकडे आता पदक नाही. त्यांनी ते परत केलं.

आणि टाळ्या झाल्या. आधी एक-दोन, मग सगळा हॉल. मला कळेचना. मग कळलं. त्यांना वाटलं बाईंनी पदक स्वतःहून परत केलं, कशाच्या तरी निषेधार्थ, युद्धासाठी, तत्त्वासाठी, आपल्याकडे मोठी माणसं पुरस्कार परत करतात तसं. मागच्या रांगेतले कोणी उभेसुद्धा राहिले. काकूंनी दुसरा माइक तोंडाशी नेला, त्यांचे डोळे भरले होते, आणि त्या 'केवढा हा त्याग' असं म्हणाल्या. कोच टाळ्या ऐकून गोंधळली होती, आणि खूश झाली होती. ती माझ्याकडे बघून हसली, भुवया वर करून, बघ, सांगितलंस ना, झालं ना सोपं. ते हसू मी तसंच राहू देऊ शकले असते. तिला इंग्रजीत सांगायचं, त्यांना कळलं आणि तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. यांना मराठीत काहीच नाही. दोन्ही बाजू खूश, वडे गरम. मी माइक दोन्ही हातांनी धरला. म्हटलं, 'त्याग नाही काकू. काढून घेतलं त्यांच्याकडून. संघातल्या एकीने औषध घेतलं होतं, म्हणून चौघींचं गेलं. यांनी काही केलं नव्हतं. या फक्त पळाल्या होत्या.'

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत, ते जास्त वाईट. एकेक करून थांबल्या, मागे कोणीतरी शेवटच्या दोन वाजवल्या आणि हात मांडीवर ठेवले. कुठूनतरी, पुरुषाच्या आवाजात, अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू येईल असं आलं, मग सत्कार कशाचा? कोचला मराठी येत नाही. पण शर्यत संपल्यावर पाटीवर निकाल यायच्या आधीची शांतता तिला येते. तिने समोर बघितलं, मग बॅनरकडे, मग माझ्याकडे, आणि तिचा मोकळा हात शालीच्या काठाशी गेला. आवडीने नाही या वेळी. ती शाल खांद्यावरून सोडवत होती, सावकाश, घडी न मोडता, जसं दुसऱ्याचं परत देताना धरतात. मी तोंड उघडलं आणि आतून काहीच आलं नाही. इतकी बडबडी मी. दीड वर्षात मिळवलेलं सगळं त्या एका क्षणी कुठे गेलं मला माहीत नाही. मी नुसती बघत राहिले आणि मनात म्हणत राहिले, नको ना, नको ना, नको ना.

मधुमतीकाकू स्टेज ओलांडून आल्या. मला वाटलं त्या माझ्या हातातला माइक घेणार. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या कोचसमोर उभ्या राहिल्या, तिच्या खांद्याएवढ्या, आणि टाचा उंच करून त्यांनी शाल पुन्हा नीट वर ओढली, एक टोक पुढून घेतलं, दुसरं त्यावर दाबलं, आई मला थंडीत स्वेटर घालायची तशा जरा धसमुसळेपणाने, आणि वर हाताने थोपटलं. मग त्या आवाज आला होता त्या बाजूला वळून, माइकशिवाय, वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, 'मानपत्र अजून संपलेलं नाही.' आणि मला, 'नवव्या ओळीपासून वाच.'

नववी ओळ माझी होती. काकूंनी तिला हात लावला नव्हता, कोरडी आहे म्हणाल्या होत्या पण राहू दिली होती. मी वाचलं. 'मंगळवारी आणि शुक्रवारी पाच वाजता आपण ट्रॅकवर असता. विजांच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की आपण आम्हांला छपराखाली पाठवता आणि स्वतः सरावाचे शंकू गोळा करता. आपण छत्री उघडत नाही, कारण आमच्याकडे छत्री नसते. ज्या मुलीला दमा आहे तिचं औषध आपण स्वतःच्या खिशात ठेवता, आणि ते तिला लागेल असं तिच्यासमोर कधी बोलत नाही.' आईने मान खाली घातली. हॉलमध्ये एसी होता, आणि कोणीतरी नाक ओढलं, आणि मी वाचत होते, घाईघाईने, कारण मला रडू यायच्या आत शेवट गाठायचा होता, शब्द एकमेकांवर आपटत होते. कोच माझ्या बाजूला उभी होती. तिला यातलं काही कळत नव्हतं, फक्त मधूनच तिचं नाव येत होतं, आणि तिथे ती दर वेळी हनुवटी थोडी उचलत होती. मग तिने माझ्याकडे झुकून इंग्रजीत विचारलं की अजून किती आहे.

मी सांगितलं, चार ओळी.

ती सरळ झाली, समोर बघितलं, आणि ओठ फार न हलवता म्हणाली, 'हळू वाच.'